पब्लिक इंटरेस्टमधली पब्लिक कोण?

२०१९ सालची गोष्ट. सोमवारी गणपती होते आणि शनिवारी आम्ही सात-आठ जणी ब्रिस्बेनमधल्या एका भाड्याच्या हॉलच्या किचनमध्ये मोदकांचं सारण करायला जमलो होतो. फ्रोजन नारळाची पाकिटं सिंकमध्ये वितळत ठेवलेली, एकीकडे गूळ किसणं चालू, आणि वेलची कुणी आणायची होती यावरून नेहमीचा गोंधळ. गुरुवारी रात्री काय झालं ते तोपर्यंत सगळ्या चॅनलवर येऊन गेलं होतं. एका तामिळ नवरा-बायकोला आणि त्यांच्या दोन छोट्या मुलींना मेलबर्नहून विमानात घालून श्रीलंकेला रवाना केलं होतं, विमान हवेत असतानाच जजने फोनवरून स्टे दिला आणि मग ते डार्विनला उतरवलं. आमच्यातल्या एकीने फोन काढून विमानातल्या रडणाऱ्या पोरी दाखवल्या. दुसरी म्हणाली, "वाईट वाटतं गं, पण आपण नाही का सगळे पेपर नीट करून आलो?" तिसरीने मान डोलावली. आणि मी काय केलं तर "वेलची घातली का शेवटी?" असं विचारलं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई पहिल्यापासून मोर्चात होती. नव्हते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या कुटुंबासाठीच्या पिटिशनची लिंक टाकली होती, त्यावर ॲडमिन काकांनी "कृपया पॉलिटिक्स नको, फक्त आरतीचं टायमिंग" असं लिहिलं, लिंक गेली, आणि मी काकांच्या मेसेजला अंगठा दिला होता.

आज सहा-सात वर्षांनी माझं मत पूर्ण उलटं झालंय. डिपोर्ट होऊ घातलेल्या एखाद्या आईच्या मागे तिचे शेजारी उभे राहतात तेव्हा ते कायद्याच्या आड येत नसतात, कायद्याने स्वतःच जी जागा रिकामी सोडलेली असते ती भरत असतात, आणि ती भरायला दुसरं कुणी येणार नसतं. हे मला कसं पटलं ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं "माणुसकी" म्हणून सोडून दिलं की पुढच्या गणपतीत पुन्हा वेलचीच विचारली जाईल.

बिलोवीला हे आमच्यापासून सहा-साडेसहा तासांच्या ड्राइव्हवरचं गाव, तिथले लोक त्याला नुसतं बिलो म्हणतात. जेमतेम सहा हजार वस्ती. कोळशाच्या खाणी, कापूस, गुरं आणि एक मोठा कत्तलखाना ज्याला इथे मीटवर्क्स म्हणतात. कत्तलखान्यातलं काम करायला इथली पोरं फारशी तयार नसतात त्यामुळे जगभरातून माणसं येऊन तिथे राबतात. विमानातल्या त्या कुटुंबातला नवरा, नडेस, त्यातलाच एक. तो २०१२ मध्ये बोटीने आला, बायको प्रिया २०१३ मध्ये दुसऱ्या बोटीने आली, दोघांची ओळख आणि लग्न इथेच झालं, दोन्ही मुली इथेच जन्मल्या. तरी त्या मुली जन्माने ऑस्ट्रेलियन ठरल्या नाहीत, कारण १९८६ पासून इथे नुसतं जन्माला येऊन नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एकजण तरी नागरिक नाहीतर पर्मनंट रेसिडेंट लागतो. प्रिया गावातल्या हॉस्पिटलच्या स्टाफला करी करून नेऊन द्यायची. (ही गोष्ट इथल्या प्रत्येक बातमीत येते, आणि मला दरवेळी वाटतं की हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईने केलं असतं, बाळंतपण नीट झालं की डॉक्टरीणबाईंना डबा.)

५ मार्च २०१८. पहाटे पाचला दारावर थाप. आदल्या दिवशी प्रियाचा ब्रिजिंग व्हिसा (पुढचा निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता व्हिसा) संपला होता. आवरायला दहा मिनिटं दिली. मोठी मुलगी तीनचीही नव्हती, धाकटी नऊ महिन्यांची. तिथून मेलबर्नच्या डिटेन्शन सेंटरमध्ये, मग वर सांगितलं ते विमान, मग ख्रिसमस आयलंड. नाव छान आहे पण ते बेट पर्थपासून अडीच हजार किलोमीटरच्याही पुढे, इंडोनेशियाच्या जवळ. तिथे ही चार माणसं जवळजवळ दोन वर्षं ठेवली. चार माणसांसाठी सेंटर, गार्ड आणि शाळेत जाता-येता पहारा. खर्च मिलियन्समध्ये. त्या पैशात बिलोमध्ये अख्खी गल्ली विकत घेता आली असती, पण असो.

आता मुख्य गोष्ट. गाव गप्प बसलं नाही. आणि गाव म्हणजे कोण, तर अँजेला फ्रेडरिक्स नावाची एक सोशल वर्कर, तिच्या एक-दोन मैत्रिणी, प्रियाला इंग्लिश शिकवणारी एक बाई, हॉस्पिटलातली एक रिटायर्ड नर्स. यातलं कुणीही व्यवसायाने आंदोलक नव्हतं. त्यांनी पिटिशन काढलं, त्यावर पुढे लाखो सह्या झाल्या. गावाच्या नावाचा अर्थ पांढरा काकाकुवा, म्हणून कॅम्पेनचं चिन्हही काकाकुवा. त्यांचं म्हणणं एकच होतं आणि चार वर्षं तेच राहिलं, "आमची माणसं आम्हाला परत द्या". बॉर्डर उघडा असं त्यांनी म्हटलं नाही, सरकार पाडा असंही नाही.

आणि हा भाग मला फार आवडतो: हे गाव काही डावं-बिवं नाही. २०२२ च्या निवडणुकीत सरकार बदललं पण बिलो ज्या मतदारसंघात येतं तिथे पुन्हा लिबरल-नॅशनलचाच माणूस निवडून आला. म्हणजे जे लोक "बोटी थांबवा" म्हणणाऱ्या पक्षाला मत देतात त्यांनीच प्रियाला परत आणा म्हणून मंत्र्यांना पत्रं लिहिली. यात विसंगती दिसते का? मला आधी दिसायची. आता वाटतं की हेच तर नॉर्मल आहे, आपल्या सगळ्यांचं असंच असतं, "बाहेरचे लोक" याबद्दल आपलं एक मत असतं आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईबद्दल वेगळं, आणि त्यातलं दुसरं मत जास्त माहितीवर आधारलेलं असतं.

बरं, कायद्याचं काय. कारण "कायदा म्हणजे कायदा" हे वाक्य आपल्या मंडळींचं फार लाडकं. प्रिया आणि नडेस कोर्टात हरले होते हे खरंच आहे, एकदा नाही अनेकदा, निर्वासित म्हणून त्यांचा क्लेम नाकारला गेला आणि २०१९ मध्ये हायकोर्टानेही (इथे सर्वोच्च कोर्टाला हायकोर्ट म्हणतात) दखल घ्यायला नकार दिला. मग धाकट्या मुलीचा स्वतंत्र क्लेम नीट तपासलाच नाही हा मुद्दा निघाला आणि २०२० मध्ये फेडरल कोर्टाने म्हटलं की हो, तिच्या बाबतीत योग्य प्रोसिजर झाली नाही. म्हणजे "कायदा म्हणजे कायदा" म्हणणाऱ्या खात्याने स्वतःच तो पाळला नव्हता. पण हे बाजूला ठेवू. समजा पाळला असता तरी?

तर मायग्रेशन ॲक्टमध्ये कलम १९५-ए आहे. त्यात साधारण असं म्हटलंय की डिटेन्शनमधल्या माणसाला व्हिसा देणं पब्लिक इंटरेस्टमध्ये आहे असं मंत्र्याला वाटलं तर तो देऊ शकतो, त्या माणसाने अर्ज केलेला असो वा नसो. द्यायलाच हवा असं नाही, विचार करायलाच हवा असंही नाही, पण देऊ शकतो. हे कायद्यातच आहे, छापलेलं. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना ठाऊक होतं की कितीही बारीक नियम केले तरी एखादी केस अशी येणार जिथे नियम पाळून अन्याय होईल, म्हणून ही सोय.

आणि मंत्र्यांचे असे खास अधिकार वापरले जातात बरं का. २०१५ मध्ये पीटर डटन इमिग्रेशन मंत्री असताना दोन युरोपियन मुली, टुरिस्ट व्हिसावर येऊन लोकांच्या घरी मुलं सांभाळायचं काम करणार या संशयावरून, एअरपोर्टवर अडवल्या होत्या. त्यांना मंत्र्यांनी जातीने लक्ष घालून व्हिसा दिला. २०१८ मध्ये हे बाहेर आलं, सिनेटची चौकशी झाली, मंत्री म्हणाले मी केसचा गुणदोष बघून निर्णय घेतला. तेच मंत्री पुढच्या वर्षी बिलोच्या मुलींना "अँकर बेबीज" म्हणाले, म्हणजे आईबापांना देशात राहता यावं म्हणून जन्माला घातलेली मुलं. म्हणजे दार होतं, उघडत होतं, प्रश्न एवढाच की वाजवणारा कोण आहे. एकीकडे ज्यांच्या ओळखीपाळखी वरपर्यंत आहेत अशा घरांचे फोन. दुसरीकडे कत्तलखान्यात काम करणाऱ्या माणसाची बायको. तिच्याकडे वरची ओळख नाही, तिच्याकडे आहेत फक्त शेजारी.

म्हणून मला वाटतं की "पब्लिक इंटरेस्ट" या शब्दातली पब्लिक कोण हे ठरवण्याचा जास्तीत जास्त हक्क कुणाला असेल तर ज्या पब्लिकमध्ये ती बाई राहते तिला. बिलोची पब्लिक म्हणत होती की आमचा इंटरेस्ट ती इथे राहण्यात आहे. कॅनबेरामधला मंत्री त्यांना सांगत होता की नाही, तुमचा इंटरेस्ट मला जास्त कळतो. २७ मे २०२२ ला, सरकार बदलून आठवडाही झाला नव्हता, नव्या सरकारने हेच कलम वापरून त्यांना ब्रिजिंग व्हिसा दिला, १० जूनला ते गावात परतले, ऑगस्टमध्ये पर्मनंट व्हिसा. कायद्याचा एक स्वल्पविराम बदलला नाही.

आता आमचं "आपण नाही का पेपर नीट करून आलो".

२०११ मध्ये आमच्या एजंटने नवऱ्याच्या व्हिसाचा फॉर्म वेळेत भरला नाही. आधीचा संपला आणि पुढचा लॉज झालाच नव्हता, आणि हे आम्हाला कळलं ते चार दिवसांनी, म्हणजे चार दिवस मी, नवरा आणि आमचा दीड वर्षांचा मुलगा या देशात बेकायदेशीर होतो. अनलॉफुल नॉन-सिटिझन, असा शब्द आहे त्याला. काउंटरवर गेलो, पोटात गोळा, तिथल्या बाईने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, "ओह, हे होतं कधीकधी" म्हणाली, ब्रिजिंग व्हिसा ई दिला आणि मुलाला कांगारूचं स्टिकर दिलं. त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती म्हणून नवरा काही आठवडे घरी बसला आणि त्याने पूर्ण महाभारत बघून काढलं. नंतर कंपनीच्या वकिलाने निस्तरलं. ही गोष्ट आम्ही अजूनही पॉटलकला विनोद म्हणून सांगतो.

प्रियाकडेही ब्रिजिंग व्हिसा ई होता. तोच. तो एक दिवस ओलांडला तर पहाटे पाच वाजता गाडी आली. मला मान्य आहे की दोन्ही केस सारख्या नाहीत, आमच्यामागे नोकरी होती, डिग्री होती, पुढे मिळणारा व्हिसा होता, तिच्यामागे नाकारलेला क्लेम. पण "पेपर नीट" हे जे काही आहे ते चारित्र्याचं सर्टिफिकेट नाही एवढं तरी कबूल करू या. आमचे पेपर नीट नव्हते, आमचे वकील नीट होते.

आणि "हे लोक रांग मोडून घुसले" असं म्हणाल तर ज्या रांगेत आपण उभे राहिलो ती पॉइंट्सची रांग. वय तिशीच्या आसपास, इंग्लिशमध्ये बँड्स, इंजिनियरिंगची डिग्री, आईवडिलांनी सांगलीत-नाशकात ट्यूशन लावून दिलेल्या, त्या सगळ्याचे पॉइंट्स. श्रीलंकेतल्या यादवीतून वाचलेल्या तामिळ बाईसाठी ही रांग कुठे सुरू होते ते मला कुणीतरी दाखवावं. ती आपल्या पुढे घुसली नाही कारण ती आपल्या रांगेतच नव्हती, तिला व्हिसा मिळाल्याने कुठल्याही जावा डेव्हलपरचा नंबर एकानेही मागे गेला नाही.

मला जो आक्षेप खरोखर जड वाटतो तो वेगळाच आहे, आणि तो सहानुभूतीच्या बाजूनेच येतो. तो असा की लोक गोड चेहऱ्यांना मदत करतात. दोन छोट्या मुली, वेण्या, फ्रॉक, सुगरण आई, गावाचं लाडकं कुटुंब, मग कॅम्पेन होणारच. जो एकटा पुरुष आहे, ज्याचं इंग्लिश तोडकं आहे, जो शेजाऱ्यांना करी नेऊन देत नाही, त्याचं काय? नॅशनल पार्टीचे बार्नाबी जॉइस, जे अजिबात मवाळ नव्हेत, तेसुद्धा २०२१ मध्ये म्हणाले होते की या मुलींची नावं जेन आणि सॅली असती तर आपण त्यांना परत पाठवायच्या आधी दोनदा विचार केला असता. बरोबर होतं ते. पण मग त्या कुटुंबासारख्याच बाकीच्यांचा विचार किती जणांनी केला? २०२३ मध्ये सरकारने टेम्पररी व्हिसावर अडकलेल्या साधारण १९ हजार लोकांना पर्मनंट व्हायचा मार्ग खुला केला, पण ज्यांचे क्लेम प्रियासारखेच नाकारले गेले होते ते हजारो लोक त्यात बसले नाहीत. त्याच वर्षी श्रीलंकेच्या आणि इराणच्या २२ बायका मेलबर्नहून कॅनबेरापर्यंत चालत गेल्या, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे आळंदी ते पंढरपूर अडीच वेळा. त्यांच्यातही आया होत्या. त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मलाही पाठ नाहीत.

मग याचा अर्थ बिलोच्या लोकांनी चूक केली असा काढायचा का? काही हुशार मंडळी काढतात, "सिलेक्टिव्ह सहानुभूती" वगैरे म्हणतात आणि स्वतः मात्र कुणालाच देत नाहीत, जेणेकरून समानता राखली जाईल. मला हे पटत नाही. शेजारी हा शेजाऱ्यालाच मदत करू शकतो, त्याने जगातल्या सगळ्यांची करावी ही अपेक्षा सरकारकडून ठेवा, कायद्याकडून ठेवा, त्यासाठी मत द्या. पण सगळ्यांना वाचवता येत नाही म्हणून समोरचीला वाचवू नये हे तर्कट आहे. उलट झालं असं की त्या एका कुटुंबामुळे माझ्यासारख्या लोकांना ब्रिजिंग व्हिसा, डिटेन्शन, मंत्र्याचे अधिकार हे शब्द कळले.

"एकाला राहू दिलं की बोटी पुन्हा सुरू" हा सरकारी आक्षेप मी थोडक्यात उरकते. २०२२ च्या मे-जूनमध्ये श्रीलंकेतून काही बोटी निघाल्या खऱ्या, पण तेव्हा तिथे पेट्रोलला पैसे नव्हते, औषधं नव्हती, अख्खा देश दिवाळखोर झाला होता, आणि त्या बोटी परत पाठवल्याच गेल्या. दोन मुलींना चार वर्षं कोंडून ठेवण्याशी याचा संबंध कसा जोडायचा ते जोडणाऱ्यांनी सांगावं.

पाठिंबा दरवेळी जिंकतो असंही नाही. शिकागोमध्ये एल्विरा अरेयानो नावाची मेक्सिकन बाई, ओ'हेअर एअरपोर्टवर विमानं साफ करायची, २००६ च्या ऑगस्टमध्ये सात वर्षांच्या मुलाला घेऊन एका मेथडिस्ट चर्चमध्ये राहायला गेली, वर्षभर चर्चबाहेर पडली नाही, लोक जेवण आणायचे, मुलाला शाळेत सोडायचे. बाहेर पडली, लॉस एंजेलिसला गेली, आणि लगेच पकडून तिहुआनाला सोडली. डेन्व्हरची जनेट विझगेरा २०१७ मध्ये चर्चमध्ये राहिली ८६ दिवस, त्या वर्षी टाइम मॅगझिनच्या शंभर जणांत तिचं नाव आलं, खासदारांनी तिच्यासाठी बिलं मांडली, मुदत मिळाली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये कामाच्या ठिकाणाबाहेर पकडलं, पुढे कित्येक महिने ऑरोराचं डिटेन्शन सेंटर, बाहेर लोक जागरण करायचे. तोवर चर्च-शाळांमध्ये धरपकड टाळायची ही जुनी गाइडलाइनसुद्धा ट्रम्प सरकारने काढून टाकली होती.

आणि २०२५ च्याच सप्टेंबरमधली कॅलिफोर्नियातली ती ७३ वर्षांची पंजाबी आजी. दोन मुलांना घेऊन एकटी आलेली, तेहतीस वर्षं तिकडे, कपड्यांच्या दुकानात शिवणकाम. क्लेम नाकारल्यावर तेरा वर्षं दर सहा महिन्यांनी इमाने-इतबारे ऑफिसात हजेरी. एका हजेरीच्या वेळी आत घेतली ती बाहेर सोडलीच नाही. गावातले शेकडो लोक, शीख, गोरे, मेक्सिकन, पाट्या घेऊन उभे राहिले. दोन आठवड्यांत आजी दिल्लीत. घरच्यांचा निरोप घेऊ दिला नाही. जी बाई तेरा वर्षं एकही तारीख चुकवत नाही तिच्याइतके नीट पेपर आमच्या पॉटलकमध्ये कुणाचे आहेत?

("त्यात आपले नसतात" असं म्हणणाऱ्यांसाठी: ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला बेड्या घालून जे १०४ लोक मिलिटरी विमानातून उतरवले त्यात तिघं महाराष्ट्रातले होते.)

मग हरायची शक्यता असताना हे करायचं कशाला? कारण हरलं तरी त्या पाठिंब्याचा उपयोग बाईला होतोच, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा फार साध्या गोष्टींचा असतो. मुलांना शाळेतून कोण आणणार, भाडं कोण भरणार, वकिलाची फी, तारखेच्या दिवशी सोबत कोण जाणार, आत गेल्यावर दोन तासांत बाहेर आली नाही तर कुणाला फोन करायचा. आपल्याकडे बाळंतपण, मयत, लग्न यांना जसं वाड्यातल्या बायका न सांगता कामं वाटून घेत तसंच, त्यात भाषण करणारं कुणी लागत नाही.

माझं मन वळलं ते २०२१ च्या जूनमध्ये. धाकटी मुलगी बेटावर आजारी पडली, न्यूमोनिया अंगात मुरून रक्तात इन्फेक्शन झालं, तेव्हा कुठे तिला विमानाने पर्थला आणलं. चौथा वाढदिवस हॉस्पिटलमध्ये. मोठी बहीण तिच्या गालाचा पापा घेतेय तो फोटो तुम्ही पाहिला असेल. ब्रिस्बेनमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन जमले तेव्हा मी गेले आणि रस्त्याच्या पलीकडे, बस स्टॉपवर उभी राहिले, म्हणजे कुणी विचारलंच तर बसची वाट बघतेय म्हणता येईल. असं धैर्य. घरी येऊन पिटिशनवर सही केली, तीन वर्षं उशिरा.

त्यानंतर मुलाच्या शाळेतल्या एका आईची केस निघाली. कुठल्या देशाची वगैरे लिहीत नाही, केस चालू आहे. तिच्या वकिलाला आमच्याकडून पत्रं हवी होती. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं की ती खूप प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक आहे. वकीलबाईने ते सरळ परत पाठवलं. म्हणाली हे सगळे लिहितात, तू तिला कधीपासून ओळखतेस, कशी ओळखतेस, स्वतः काय पाहिलंयस, ती गेली तर तुझं, मुलाचं, गल्लीचं नेमकं काय अडेल ते लिही. तर मी लिहिलं की साडेतीन वर्षं दर बुधवारी ती माझ्या मुलाला स्वतःच्या मुलांबरोबर स्विमिंगला नेते कारण माझी शिफ्ट सहाला संपते, त्याला क्लोरीनची ॲलर्जी आहे हे तिच्या लक्षात असतं आणि ती आठवणीने क्रीम लावते. दोन परिच्छेद झाले. लिहिताना पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता लागतो, ते सगळं मला माहीत होतं, दोन मुलांचे वाढदिवससुद्धा.

ॲडमिन काकांना मी ते पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी व्याकरण सुधारलं, आणि म्हणाले, "हे पॉलिटिक्स नाहीये, हे ठीक आहे." मला हसावं की काय कळेना. मग त्यांनी विचारलं, त्यांच्यातर्फे एक पत्र चालेल का, ते तिच्या मुलीला शनिवारी बुद्धिबळ शिकवतात.

इथवर लिहून मी जरा खूश झाले होते आणि मग गेल्या महिन्यात इंडियातल्या बातम्या चाळत बसले. २०२५ च्या जूनमध्ये दिल्लीत बीरभूमची एक गरोदर बाई बांगलादेशी ठरवून नवऱ्यासकट, आठ वर्षांच्या मुलासकट सीमेपलीकडे ढकलली, कलकत्ता हायकोर्टाने परत आणा म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि डिसेंबरमध्ये ती मुलासोबत परत आली, पोटात दिवस भरत आलेले. तिच्यासाठी कोण उभं राहिलं? बंगालमधले लोक, तिच्या स्वतःच्या राज्यातलं मजुरांसाठीचं बोर्ड, वडिलांनी केलेली कोर्टकचेरी. ज्या शहरात ती राहत होती त्या शहरातलं कुणी उभं राहिल्याचं वाचनात आलं नाही. आणि आपणही हसू नये, त्याच जूनमध्ये मुंबईजवळच्या मीरा रोडवरून पकडलेले बंगालचे गवंडी असेच पलीकडे सोडले होते आणि भारतीय आहेत हे कळल्यावर परत आणावे लागले. आमच्या ग्रुपवर, जिथे हल्ली बिलोची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते जणू काही ते गाव आम्हीच वसवलं, यावर एक शब्द आला नाही. "ते वेगळं आहे," असं एकजण मला खाजगीत म्हणाली. कसं वेगळं ते विचारलं तर टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग काहीच नाही.

माझ्या वहिनीकडे ठाण्याला सात वर्षं एक बाई कामाला येतात. बंगाली बोलतात. माझी आई आजारी होती तेव्हा रात्रीचा डायपर त्यांनी बदललाय, मी इथे स्क्रीनवर बघत होते. मी वहिनीला फोन केला आणि म्हटलं, "अगं, उद्या यांना कुणी उचललं तर पोलीस स्टेशनला जाऊन काय सांगशील? त्यांचं पूर्ण नाव काय?"

वहिनी म्हणाली, "पूर्ण नाव? आम्ही दीदीच म्हणतो ना. थांब, विचारून सांगते."

दोन दिवसांनी मेसेज आला. नाव, आडनाव, जिल्हा, गावाचं नाव, मोठी मुलगी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीत आहे आणि मराठीत वर्गात पहिली येते. खाली लिहिलं होतं, "त्या पण विचारत होत्या, ताईंना कशाला पाहिजे? घाबरल्या जरा. काय सांगू?"